पाण्याचा मान

पाटीला हात लावण्याआधी यमनाक्का राखेनं हात धुवायची. एकदा धुऊन तिचं भागत नसे, तीनदा धुवायची. कमरेला खोचलेल्या चिंधीत चुलीतली राख बांधून आणलेली असे. देवळामागच्या घाटावर उकिडवं बसून ती आधी बोटं, मग नखं, मग मनगटापर्यंत हात घासायची, नाकाशी नेऊन हुंगायची आणि मान हलवून पुन्हा राख घ्यायची. तोवर बाकीच्या बायकांचा ‘क’ गिरवून झालेला असे. एकदा वैतागून मी म्हटलं, "अगं यमनाक्का, पाटी म्हणजे काय नैवेद्याचं ताट आहे?" हात झटकत ती म्हणाली, "दिसभर तमाखूत हात घालतो बाई. अक्षराला वास लागला तर सरस्वती शिंकंल की." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही ‘घालतो, येतो, जातो’च म्हणतात.

तिचा आणि माझा परिचय त्या घाटावरचा. निपाणीपासून दोन कोसांवर, वेदगंगेच्या काठी ते गाव. मी निपाणीची. शिक्षिकेचं ट्रेनिंग झालेली, पण नोकरी न धरता देशकार्य करायला निघालेली. आमच्या पक्षानं मला बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालवायला दिला होता. देवळाच्या ओवरीत दिवेलागणीपर्यंत तो भरायचा. सात-आठ बायका यायच्या. बहुतेक सगळ्या निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पाला निवडणाऱ्या. दिवसभर खाली मान घालून काड्या वेगळ्या करायच्या आणि संध्याकाळी दोन कोस चालत घरी यायचं. त्यात यमनाक्का वयानं सगळ्यात मोठी, चाळिशी उलटलेली. जातीनं कोळी. नवरा नदीवर नाव चालवायचा, तो तापानं गेला होता. एकुलती मुलगी सदलग्याला दिलेली. घरात ती आणि तिचा खोकला एवढेच.

ती मला ‘तुमी’ म्हणायची आणि मी तिला ‘तू’. ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी होती, पण त्या वेळी मला त्यात काहीच खटकलं नव्हतं.

उसनी घेतलेली वस्तू परत करताना ती हटकून म्हणायची, "नदीचं नदीला." पेन्सिलीचा नखाएवढा तुकडा उरला तरी तो वर्ग सुटताना माझ्या हातावर ठेवायची. मी म्हणे, राहू दे गं. ती म्हणे, "नगं. आज तुकडा ठिवला, उद्या पेन्सिल ठिवीन. नदीचं नदीला." कुणाची टिंगल करायची झाली तर म्हणायची, "त्येची नाव कोरड्यात लई पळती." हा टोमणा पुढं तिनं मलाही मारला, आणि तो मला लागूही पडला.

शिकण्याबद्दल आमच्या दोघींचे हेतू वेगळे होते आणि ते दोघींनाही ठाऊक होते. तिला पोथी वाचायची होती. सासूकडून आलेली एक पोथी लाल फडक्यात बांधून तिच्या घरी देवापाशी ठेवलेली होती. श्रावणात ती दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी लागे आणि वाचणारा पानं गाळतो असा तिला संशय होता. मला हवं होतं तिचं मत. सदतीस सालची प्रांताची निवडणूक यायची होती. जमीन-जुमला नसला तरी लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला त्या निवडणुकीत मत मिळणार होतं, अर्ज करून अधिकाऱ्यापुढं वाचून दाखवलं की झालं. गावात कष्टकऱ्यांची मतं जवळजवळ नव्हतीच. मी मनात ठरवलं होतं, या ओवरीतून मी मतदार काढणार.

आमच्याविरुद्ध उभे होते गावचे इनामदार. जुन्या चालीचे, कमी बोलणारे, सगळ्या यात्रा-जत्रांचे यजमान. शाळेत कुणाची पोरं कुठं बसावीत यावर त्यांची ठाम मतं होती. वखारवाल्यांशी त्यांचं सख्य होतं. बायकांच्या मजुरीचा विषय निघाला की ते आभाळाकडं बघत. आमच्या बाजूनं बेळगावचे एक वकील उभे होते. हुशार, तळमळीचे, खरोखर चांगले गृहस्थ. या निवडणुकीत कष्टकरी माणूस कुठल्या बाजूला जाणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी बावीस वर्षांची होते.

त्या चैत्रात मी गावची यात्रा पहिल्यांदा पाहिली. भैरोबाची पालखी नदीवर स्नानाला जाते आणि परतताना वेशीबाहेरच्या पहिल्या घरापाशी थांबते. ते घर यमनाक्काचं. कोळ्याच्या घरचं घागरभर नदीचं पाणी पालखीपुढं आणि भोयांच्या पायांवर पडल्याशिवाय देव गावात शिरत नाही, अशी रीत. पिढ्यान् पिढ्यांचा मान. सगळी गर्दी गप्प झाली. इनामदार अनवाणी पुढं आले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कोळ्यांच्या यमुनाबाई, देव दारात थांबलेत. पाणी आणा." दार उघडून यमनाक्का बाहेर आली. लग्नातलं हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, डोक्यावर घागर. विधवेनं पुढं यायचं नाही असल्या गावात ती एकटी पुढं आली आणि हजारभर माणसं बाजूला सरली. वखारीत वाकून वाकून पोक आलेली ती बाई त्या वेळी अगदी ताठ होती. तिनं पाणी घातलं. इनामदारांनी त्या पाण्यानं भिजलेलं मातीचं ढेकूळ उचलून कपाळाला लावलं. मग वाजंत्री सुरू झाली.

मी बाजूच्या लिंबाखाली उभी होते. मला राग आला, हे मी लपवत नाही. वर्षातून एक दिवस घागर आणि बाकी सगळं वर्ष खाली मान. लोकांना गप्प ठेवायचा किती स्वस्त मार्ग, असं मी वकीलसाहेबांना सांगितलं, आणि त्यांना ते वाक्य फार आवडलं.

पावसाळा संपताना अधिकारी आला. यमनाक्कानं राखेनं हात धुतले, छापील कागद धरला आणि ओळीखाली बोट ठेवत, दम घेत, तीन ओळी वाचल्या. खाली सही केली. तिचं नाव यादीत चढलं त्या दिवशी मी निपाणीहून पेढे नेले. पेढा हातात धरून ती म्हणाली, "म्हंजे आता माझं मत मोजत्यात?" मी म्हटलं, "इनामदाराइतकंच." तिला ते खरं वाटेना. "त्येच्याइतकंच?" असं तिनं दोनदा विचारलं आणि पेढा पोथीपुढं ठेवायला घरी नेला.

मग पत्रक निघालं. ते मी लिहिलं होतं. आज चाळीस वर्षांनीही त्यातली वाक्यं मला पाठ आहेत, कारण मी ती फार चवीनं लिहिली होती. ‘वखारीतल्या पिचलेल्या, अडाणी भगिनींना’ योग्य मजुरी मिळेल. गावोगाव दवाखाना होईल. देवस्थानाचं उत्पन्न शाळेला जाईल. ‘यात्रेतील मानपानाची गुलामगिरी बंद होईल.’ हे शेवटचं वाक्य मी इनामदारांना उद्देशून लिहिलं होतं. मानपान म्हणजे त्यांचं पागोटं, त्यांचा पहिला नारळ, त्यांची गादी, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं होतं. आणि माझ्या अकलेची धाव अशी की तेच पत्रक मी वर्गात धडा म्हणून वाचायला दिलं.

यमनाक्काची पाळी आली. ‘अडाणी भगिनींना’पाशी ती थोडी थांबली, पण पुढं गेली. शेवटच्या वाक्याखाली बोट आलं आणि तिथंच राहिलं. तिनं ते पुन्हा वाचलं, या वेळी मनात. मग विचारलं, "बाई, ह्यात माझा पाण्याचा मान बी आला काय?"

मी हसले. "आला की. सगळ्यांचेच आले. अगं, मजुरी नीट मिळाली, दवाखाना झाला, म्हणजे त्या घागरीचं काय घेऊन बसलीस?"

"ह्ये कुनी ठरिवलं?"

"पक्षानं."

"आमच्या गावात येऊन कुनाला इचारलासा?"

मी म्हटलं, चांगल्या गोष्टीला काय विचारायचं. ती "बरं" म्हणाली. पत्रकाची घडी घालून पदराच्या गाठीत बांधली आणि पेन्सिलीचा तुकडा माझ्या हातावर ठेवून निघाली. त्या दिवशी तिनं ‘नदीचं नदीला’ म्हटलं नाही, हे मला फार उशिरा आठवलं.

मतदान निपाणीत होतं. शाळेच्या फाटकाशी मी आमच्या बाजूनं उभी होते. यमनाक्का आली ती यात्रेतलं हिरवं लुगडं नेसून. मला बघून तिनं हात जोडले, आत गेली, थोड्या वेळानं बाहेर आली आणि सरळ माझ्याकडं चालत आली. "बाई, म्या इनामदाराला मत दिलं. तुमाला दुसऱ्याकडनं कळाय नगं म्हणून सांगतो."

मला भर रस्त्यात रडू फुटलं, आणि रडू फुटलं याचाच जास्त राग आला. मी नको ते बोलले. ह्यासाठी तुला अक्षर शिकवलं का, म्हटलं. तुझा खोकला काय इनामदार काढणार आहे, म्हटलं. "वर्षातले बाकीचे दिवस तो तुला ओळखतो तरी का?"

ती शांतपणे म्हणाली, "न्हाई वळखत. वाटंत दिसलो तर मान बी वर करत न्हाई. पन त्या एका दिशी त्येला वळखावंच लागतंय. त्येच्या मनात असू दे न्हाईतर नसू दे." ती पुढं म्हणाली, "तुमी लई चांगल्या हायसा बाई. पन तुमच्या कागदात मी पिचलेली हाय. अडाणी हाय. त्येच्या तोंडात मी यमुनाबाई हाय."

"तोंडातलं घेऊन काय करायचंय? पोट भरतं का?"

"पोट तर वखारीत बी भरतंय," ती म्हणाली आणि चालू लागली. दोन पावलांवर वळून म्हणाली, "रागावू नगासा. तुमची नाव कोरड्यात लई पळती."

इनामदार निवडून आले. पावसाच्या तोंडावर त्यांनी आमची ओवरी बंद केली. देवळात बायकांनी पाट्या घेऊन बसणं शास्त्रात बसत नाही, असं कारण दिलं. वखारीत सगळं पूर्वीसारखंच राहिलं. वर्ग मी एका ओळखीच्यांच्या पडवीत हलवला. तिथं दोनच बायका आल्या, त्यांतली एक यमनाक्का. राखेची चिंधी घेऊन. मी तिला वाचायला शिकवत राहिले, पण कित्येक आठवडे तिच्याशी एक अक्षर जास्तीचं बोलले नाही. ती खोकली की मला वाटे, भोग आता. असं वाटायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते. ती मात्र एके दिवशी मजुरी बुडवून इनामदारांच्या दारात गेली होती. "ओवरी उघडा म्हणून सांगाय गेलतो. दीसभर बसवून ठिवलं. भेटला न्हाई," एवढंच तिनं सांगितलं. तक्रार केली नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं.

श्रावणात ती आपली पोथी आपण वाचू लागली. वाचणारा पानं गाळत होता हे तिच्या ध्यानात आलं. एक अख्खा अध्याय तिनं जन्मात ऐकलेला नव्हता. तो तिनं मला पडवीत बसून वाचून दाखवला. त्या दिवशी आमचा अबोला सुटला.

पुढं चार-पाच वर्षांनी निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं भैरोबाच्या पालखीला चांदीचा पत्रा चढवला. त्याच्या बदल्यात काय, ते गावात यात्रेच्या आदल्या दिवशी कळलं. पाण्याचा मान त्याच्या बायकोला. व्यापाऱ्यानं वेशीपाशी मांडव घातला, चांदीची घागर आणली. ठरवलं इनामदारांनीच. मला निरोप मिळाला तशी मी गेले. तिच्या सांत्वनाला गेले असं मी लोकांना सांगितलं. खरं तर मला बघायचं होतं. तिच्या मताचं फळ तिच्या पदरात पडताना मला बघायचं होतं.

मी त्याच लिंबाखाली उभी राहिले. यमनाक्का दारात उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर भरलेली घागर. कुणी बोलावलं नव्हतं तरी ती तयार होऊन उभी होती. पालखी तिच्या दारावरून पुढं गेली. भोयांनी माना खाली घातल्या होत्या, एकाची पावलं अडखळलीही, पण थांबलं कुणी नाही. इनामदारांनी तिकडं पाहिलं नाही. वाजंत्री मांडवाकडं गेली, गर्दी मांडवाकडं गेली. ती तशीच उभी राहिली. मग उताराला लागून घाटावर गेली, पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरली आणि घागर नदीत हळूच रिती केली. काय म्हणाली ते मला लिंबाखालून ऐकू आलं नाही. पण तिचे ओठ हलले आणि ते शब्द मला माहीत होते.

जे बघायला गेले होते ते मी बघितलं आणि तिच्यापाशी न जाताच निपाणीला परतले. माझे पायच तिच्याकडं वळेनात.

स्वराज्य यायच्या आदल्या वर्षी पुन्हा निवडणूक आली. पुन्हा तेच वकील, तेच इनामदार. या वेळी मी शहाणी झाले होते. नव्या पत्रकात मानपानाचा शब्द येऊ दिला नाही. ‘अडाणी’ही काढला. पत्रक घेऊन मी तिच्या घरी गेले. ती फार वाळली होती, वखारीत जाणं सुटत आलं होतं. तिनं पत्रक ओळीखाली बोट न धरता सरळ वाचून काढलं आणि विचारलं, "ह्यात मानाचं काय?"

"काहीच नाही. तो विषयच घेतला नाही."

"म्हंजे इसरलासा," ती म्हणाली. मग मला पाणी दिलं आणि म्हणाली, "मत इनामदारालाच देनार हाय."

मी हतबुद्ध झाले. "अगं, त्यानं तुझा मान विकला. सगळ्या गावादेखत विकला."

"व्हय. इकला. म्हणूनच त्येच्यासंगं माझं भांडान हाय. दर चैताला घागर भरून दारात हुबी ऱ्हातो आनि त्येला दरसाल मान खाली घालाय लावतो. माझं देनं हाय त्येच्याकडं, त्येला बी ठावं हाय." खोकल्याची उबळ आली, ती ओसरल्यावर ती म्हणाली, "भांडान आपल्या मानसाशी असतंय बाई. तुमच्याशी माझं भांडान बी न्हाई."

मी उठले. निघताना ती दारापर्यंत आली. "तुमी जिकशीला ह्या खेपंला. जिका. पोरींच्या मजुरीचं तेवढं बघा. मला बी बरं वाटंल."

आम्ही जिंकलो. मजुरीचं थोडं झालं, बरंच कागदावर राहिलं. मी त्या गडबडीत बुडाले. सभा, समित्या, बेळगावच्या फेऱ्या. यमनाक्का अंथरुणाला लागल्याचं मला दोनदा कळलं. दोन्ही वेळा जायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा काहीतरी आडवं आलं. तिसऱ्यांदा कळलं ते ती गेल्याचं. स्वातंत्र्याला तेव्हा दोनच महिने उरले होते.

काही दिवसांनी तिची मुलगी सदलग्याहून माझं घर शोधत आली. हातात लाल फडक्यातली पोथी. "आईनं सांगितलंय, बाईंचं बाईस्नी दे म्हणून. आमच्यात कुनाला वाचाय येत न्हाई."

पोथी उघडली. पूर्वी गाळल्या जाणाऱ्या त्या अध्यायात खूण म्हणून एक कागद घातला होता. घड्या पडून पडून विरलेला. माझं पहिलं पत्रक. शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली होती. मागच्या कोऱ्या बाजूला, पाटीवर काढायची तशी मोठी मोठी अक्षरं. अधिकाऱ्यापुढं केलेली सही सोडली तर तिनं स्वतःच्या मनानं लिहिलेली एवढी एकच ओळ माझ्या पाहण्यात आहे.

‘मग माज्या दारात कोन थांबनार.’

प्रश्नचिन्ह मी तिला शिकवलं नव्हतं. दहा वर्षं तो प्रश्न माझ्यासाठी तिथं पडून होता आणि ती तो कागद रोज पोथीत उघडत, मिटत होती. मी आठवून पाहिलं, या दहा वर्षांत मी यमुनाबाईंच्या दारात किती वेळा गेले. एकदाच. तेव्हा माझ्या हातात पत्रक होतं.